सुटा माल

“पिशवीवर काय लिहिलंय?” डॉक्टर विश्वजीतनी विचारलं, आणि शिलाला उत्तर देता आलं नाही.

प्रश्न साधा होता. टेबलावर तिची कुत्री काजळी कुशीवर पडली होती. पुढच्या पायावरचे केस चार बोटं भादरून तिथे सलाईनची सुई लावलेली, जीभ दातांच्या कडेनं बाहेर आलेली. तीन दिवस उलट्या, कालपासून मागच्या पायांत कापरं, आणि आज सकाळी अंगणात चालता चालता ती बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी रक्ताचा कागद वाचला, मूत्रपिंडाचे आकडे चढलेत म्हणाले, आणि खाणं कोणतं, कधीचं, पिशवीवर काय लिहिलंय, असं विचारत गेले. शिलाच्या डोळ्यांसमोर पिशवी आली. पातळ, आरपार दिसणारी, तोंडाला पिवळं रबर लावलेली. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. चार महिने दर पंधरा दिवसांनी ती तशी पिशवी घरी आणत होती, आणि तिच्यावर काही लिहिलेलं नाही हे तिला आत्ता, दुसऱ्यानं विचारल्यावर, दिसलं होतं.

“सुटं आणते,” ती म्हणाली.

डॉक्टर नुसतं ‘बरं’ म्हणाले. त्या ‘बरं’नं तिची कानशिलं तापली. एकोणीस वर्षं ती अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होती. प्रयोगशाळेत चिठ्ठी नसलेली बाटली दिसली की आत काय आहे हे न विचारता ती मोरीत ओतून देई. पोरं म्हणत, मॅडम, पाणीच आहे ते. ती म्हणे, तुला वाटतं म्हणून पाणी, की माहीत आहे म्हणून पाणी? तिची नक्कल करताना पोरं हेच वाक्य म्हणत, हेही तिला ठाऊक होतं. आणि आता डॉक्टर तिला समजावून सांगत होते, एखाद्या अडाणी बाईला सांगावं तसं, हळू आणि दोनदा: पोटात काय गेलं ते कळलं तर बरं. संसर्ग धरून जे इंजेक्शन द्यायचं ते मूत्रपिंडाला जड जातं. विष असलं तर तेच उलटेल. उद्या संध्याकाळपर्यंत नुसत्या सलाईनवर ठेवू, बाटली लावायला घरी माणूस पाठवतो. मग मात्र काहीतरी ठरवून सुई टोचावी लागेल, डोळे मिटून.

रिक्षात काजळीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यावर तिला कळलं की आपण रडत नाही, आपल्याला राग आलाय. राग तिला बराच ओळखीचा होता. तो कधी आवाज चढवत नसे. तो थंड पाण्यासारखा पायाकडून वर चढे आणि डोकं अगदी स्वच्छ करून टाके. आश्रमशाळेत असताना पहिल्यांदा आला होता. डोंगरकड्याजवळच्या तांड्यातून शंकरसिंगनं, तिच्या बापानं, तिला तिसरीला तिथे नेऊन घातलं होतं. ताटातल्या वरणात अळ्या तरंगत. एकदा तिनं मोजल्या. अकरा. ताट घेऊन ती स्वयंपाक्यासमोर उभी राहिली, तर तो पळीनं कढई ढवळत म्हणाला, निवडून खा. एवढंच. मागे रांगेतल्या पोरी हसल्या, कारण त्या निवडूनच खात होत्या आणि यात विचारण्यासारखं काय आहे हे त्यांना कळलं नव्हतं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, निवडून. ते जेवण तिला अजून सले. ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्या ताटात काहीही वाढायचं, ही माणसांची रीत तिनं तिथे पाहिली होती. आणि पुढे विज्ञान शिकली ती, खरं सांगायचं तर, अळ्या किती हे मोजून कागदावर मांडता यावं म्हणून. काजळीला तर मोजताही येत नव्हतं. तिनं चार महिने वाडगं चाटून पुसून साफ केलं होतं.

काजळी बापाची. तो गेला तेव्हा आई आणि कुत्री दोघी बरोबरच हिंगोलीला आल्या, एकाच टेम्पोत, एकाच पोत्याला टेकून. तांड्यात काजळी घरातलंच खाई. बाप जेवायला बसला की पहिला तुकडा तिला टाकी आणि तिनं तो खाल्ल्यावर स्वतःचा घास घेई. कुणी हसलं तर म्हणे, राखण करणाराचा पहिला हक. शिलानं ते बंद केलं. ती आठ दिवस वाचत बसली होती. प्रथिनं किती, कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण किती, कांदा का नको, मीठ का नको. एक तक्ता तयार करून तिनं तो फ्रीजच्या दारावर लावला, आणि आईला म्हणाली, याडी, आजपासून भाकरी बंद. याडी म्हणजे आई. पण तो शब्द सोडला तर बाकी सगळा सूर प्रयोगशाळेतल्या शिपायाला सांगायचा होता, आणि तिला तो तेव्हाही ऐकू आला होता. तिनं स्टीलचा कप आणून दिला. सकाळी एक, संध्याकाळी एक. वर काही नाही. आईनं, निर्मलाबाईनं, कप उलटासुलटा करून पाहिला, ते तपकिरी दाणे दातांखाली घालून पाहिले, थुंकले, आणि विचारलं की एवढं कडक ती कशाला खाईल. मग कप डब्यात ठेवून दिला. शिला कॉलेजात असे, त्यामुळे खाऊ घालायचं काम आईकडेच राहिलं. फक्त काय घालायचं ते आईकडे राहिलं नाही. आणि सुटंच का? तेही तिनं विचार करून ठरवलं होतं. छापील गोणी वीस किलोची येई, कुत्री एकटी. एवढी गोणी उघडी पडून खराब होण्यापेक्षा थोडं थोडं ताजं आणावं. कागदावर ते बरोबर दिसत होतं. दुकानातली गोणीही कुणीतरी उघडूनच ठेवलेली असणार, हे त्या कागदावर कुठे आलंच नव्हतं.

काजळीला घरी ठेवून ती तशीच कळमनुरी रस्त्यावर कुलदीपच्या दुकानात गेली. बी-बियाणं, सरकी पेंड, कोंबड्यांचं खाद्य, फवारणीची औषधं, आणि दाराशी निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये कुत्र्याचं खाणं. ड्रमला झाकण नव्हतं. त्यात एक माप खुपसलेलं होतं आणि मापाच्या दांड्यावरून, धान्यात पडतो तसला, एक टोकिडा निवांत चालला होता. तिनं वाकून हात घातला. तळचे दाणे भुसभुशीत लागले, भोकं पडलेले. हे मी पाहिलं कसं नाही, हा प्रश्न आला, आणि तिनं तो बाजूला सारला. आत्ता त्याला जागा नव्हती. कुलदीप पस्तिशीतला, बोलण्यात गोड. म्हणाला, बसा म्याडम, पाणी घ्या. तिनं गोणी मागितली, मूळची, छापील. तो म्हणाला ती कुठली सापडायची आता. ती सापडली. ओल लागू नये म्हणून पेंडीच्या पोत्यांखाली अंथरली होती. तिनं दोन पोती स्वतः ओढून सरकवली आणि शिवणीजवळची तारीख वाचली. मुदत संपून पाच महिने झाले होते. म्हणजे तिनं आणलेली पहिली पिशवीसुद्धा मेलेलीच होती.

“आवो म्याडम,” कुलदीप म्हणाला, “ते माणसाचं थोडंच हाय? जनावराला काय तारीख कळून राहिली. गावातले पंचवीस लोक नेतात, कोणाचं कुत्रं मेलं न्हाई.”

“मेलं तर ते येऊन सांगणार आहे का तुम्हाला?” ती म्हणाली.

तो हसला. आपण विनोद केला असं त्याला वाटलं होतं. तिनं ड्रमचा, गोणीचा, तारखेचा, टोकिड्याचा फोटो काढला, एका पिशवीत नमुना घेतला, पिशवीवर तिथेच पेननं तारीख, वेळ आणि दुकानाचं नाव लिहिलं. तेव्हा त्याचं हसू गेलं. घरी येऊन तिनं तक्रार लिहिली, संबंधित कार्यालयाला ईमेल केली, आणि गावातल्या प्राणीप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले. खाली एकच ओळ: या दुकानातलं खाणं देऊ नका, माझी कुत्री मरणाच्या दारात आहे. पाच मिनिटांत हात जोडलेले, रागावलेले, रडणारे चेहरे येऊ लागले. निर्मलाबाई काजळीच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडत होती. काय सापडलं म्हणून विचारलं, आणि ऐकून तांड्याच्या बोलीत कुलदीपच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे शिलानं परत एकदा विचारलं, घरात वेगळं काही खाल्लं का तिनं, बाहेर काही हुंगलं, चाटलं? न्हाई, आई म्हणाली. तू देलं तेच. कपानं मोजून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन नमुने घेऊन प्रयोगशाळा उघडली. एक दुकानातला, एक घरच्या डब्यातला. तिला बुरशी सापडायला हवी होती. जुना मका, ओल, बुरशीचं विष. तिच्या मनात सगळी साखळी तयार होती, शेवटी कुलदीपचं नाव घातलेली. घरच्या नमुन्यावर पांढुरका थर होता. तिला आनंद झाला, तसला आनंद ज्याची नंतर लाज वाटते. तिनं थोडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तंतू दिसले नाहीत. चकचकीत चपटे कण होते. दुकानातल्या नमुन्यावर किड्यांचं पीठ होतं, पण हे कण नव्हते. तिनं चिमूट बोटांत चोळली. गुळगुळीत, निसरडं. बोटांना ते ठाऊक होतं. तिच्या आधी बोटांना कळलं, आणि ती उगाच थांबली, खिडकी उघडली, पंखा बंद केला. मग हळदीचा कागद केला. बाजारातली हळद नव्हे. मागल्या वर्षी तांड्यावरून आलेली, घरी दळलेली. स्पिरिटमध्ये ती कालवून गाळणकागद बुडवला, वाळवला. पूड पाण्यात विरघळवून आम्लाचा थेंब टाकून त्यात कागद भिजवला आणि पुन्हा वाळू दिला. पिवळा कागद वाळता वाळता विटकरी लाल झाला. त्यावर सोड्याचा थेंब टाकला. थेंबाखाली हिरवट काळा डाग उमटला. तिनं दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. दुकानातला कागद तिन्ही वेळा नुसता कागद राहिला.

बोरिक. कुणीतरी बोरिक पावडर टाकली होती, आणि ती दुकानात टाकलेली नव्हती.

बाकावर कोपरं टेकून ती बसून राहिली. उन्हाळ्यातलं अंगण तिला दिसलं. पसरलेल्या लुगड्यावर वर्षाचे तांदूळ, तुरीची डाळ. आई गुडघे मोडून बसलेली, तळहातावर पांढरी पूड घेऊन दाणा न् दाणा चोळणारी, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. गव्हाला एरंडेल, तांदळाला आणि डाळीला बोरिक. तांड्यात, गावात, सगळ्यांच्या घरी हेच. चार पाण्यानं धुतल्याशिवाय कुणी शिजवत नाही, म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. डब्यात टोकिडे दिसले असतील. आईला आणखी काय सुचणार होतं? टोकिडे पडलेलं अन्न फेकायचं नाही, ते वाचवायचं. लेकीनं आणलेलं, बापाच्या कुत्रीसाठी आणलेलं. तिनं ते उन्हात पसरलं असेल, पाखडलं असेल, मग चोळलं असेल, हलक्या हातानं, दाण्यादाण्याला लागेल असं. दर पंधरा दिवसांनी. आणि धुवायचं कुणी? फ्रीजच्या दारावरच्या तक्त्यात सगळं होतं. साठवायचं कसं, हे नव्हतं. ‘वेगळं काही खाल्लं का’ असं शिलानं दोनदा विचारलं होतं. डब्याला काय करतेस, असं एकदाही नाही. अन्न टिकवण्यातलं जे काही आईला चाळीस वर्षं येत होतं, ते शिलानं कधी ज्ञान म्हणून मोजलंच नव्हतं, त्यामुळे त्यात चूक असू शकते हेही तिला सुचलं नव्हतं.

रागाला आता जायला जागा नव्हती. तो अंगात होता तसाच होता, तयार, थंड, आणि त्याला कुणी माणूसच मिळत नव्हतं. म्हणून तो पुन्हा कुलदीपकडे गेला. मुदत संपलेला माल त्यानं विकला हे खोटं होतं का? टोकिडे त्याचे नव्हते का? त्याच्या टोकिड्यांशिवाय ही पूड डब्यात गेली असती का? एकेक वाक्य खरं होतं, आणि सगळी मिळून खोट्याकडे निघाली होती, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिनं डॉक्टरांना फोन लावला. बोरिक आहे म्हणाली, खात्री आहे, तीनदा केलंय. डॉक्टरांचा आवाज एकदम बदलला. बरं झालं कळलं, म्हणाले. ते इंजेक्शन आता देत नाही, सलाईन वाढवतो, रेटून धुऊन काढू, आशा आहे. मग म्हणाले, किडे लपवायला त्या दुकानदारानंच टाकलं असणार, काय लोक असतात. शिलानं तोंड उघडलं. समोर कागदांची रांग होती, प्रत्येकाखाली तिच्याच अक्षरात लिहिलेलं, दुकान, घर, दुकान, घर. ती काही बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, ठेवतो. तिनं फोन ठेवला. नापास झालेल्या पोराचा पेपर पुन्हा पुन्हा तपासावा, कुठे अर्धा गुण निघतो का बघावा, तसं ती ते न बोलणं दुपारभर तपासत राहिली. अर्धा गुण निघाला नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा डॉक्टरांचा माणूस दुसरी बाटली लावून गेला होता. खिडकीच्या गजाला बाटली टांगलेली, खाली गोधडीवर काजळी. कान किंचित हलले. निर्मलाबाई शेजारी बसून सुईवर माशी बसू नये म्हणून पदर हलवत होती. शिलानं आल्या आल्या स्वयंपाकघरातला डबा उचलून मागच्या खोलीत कपाटावर ठेवला. आई पाहत होती. ग्रुपवर दुपारपासून सत्तर संदेश आले होते. बोरिकची बातमी डॉक्टरांकडून कुणाला तरी कळली होती आणि तिला पाय फुटले होते. विष घालणारा दुकानदार. एकानं त्याच्या घराचा पत्ता टाकला होता. एक जण दुकानासमोर उभा राहून त्याला जाब विचारतानाचं चित्रण होतं. त्यात कुलदीप हात जोडून काही सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. ती ते पाहत असतानाच त्याचा फोन आला. हातात भाजी, कानाला लावता येईना, म्हणून तिनं फोन ओट्यावर ठेवून स्पीकरवर घेतला. किंवा तसं तिनं नंतर स्वतःला सांगितलं.

“म्याडम,” कुलदीप म्हणाला. आवाजातला गोडवा पार गेला होता. “तारखेचं माझं चुकलं, कबूल हाय. पण पावडर मी न्हाई टाकली वो. लेकराची आन घेऊन सांगतो. लोक शटर वाजवून राहिले. माझी बायको घरात एकटी हाय. तुमी शिकलेल्या हात, तुमीच सांगा, मी काहून टाकीन पावडर?”

शिलानं हातातली भाजी ओट्यावर ठेवली.

“कोणती पावडर?” बाहेरच्या खोलीतून निर्मलाबाई म्हणाली. “बोरिकची? ती तर मी टाकली.”

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. दूध तापवलं, दार लावलं, असं म्हणावं तसं. मग ती दारात येऊन उभी राहिली, आणि शिलाच्या तोंडाकडे बघता बघता तिचा हलता पदर थांबला. शिला फोनवर कुलदीपला म्हणाली, मी दहा मिनिटांत ग्रुपवर लिहिते. आणि फोन बंद केला.

“त्यानं झालं?” आईनं विचारलं.

“हो.”

“तुला कवा कळलं?”

शिलाला खोटं बोलता आलं असतं. “सकाळी,” ती म्हणाली.

निर्मलाबाई खाली बसेल, ऊर बडवेल, असं तिला वाटलं होतं. ते टाळण्यासाठीच तर तिनं दिवसभर हे पोटात ठेवलं होतं, निदान तसं तिचं म्हणणं होतं. आई बसली नाही. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि शिलाला अचानक दिसलं की हा राग आपण कुठून आणला. तो वर चढणारा, आवाज न करणारा.

“सकाळधरनं माहीत हाय तुला. आन् मला सांगितलं न्हाईस. मी काय लेकरू हाय? तू म्हणलीस भाकरी बंद, मी बंद केली. तू म्हणलीस कप, मी कप धरला. त्या डब्यात किडे पडले तर तुला सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, याडी, तुला कळत न्हाई. म्हणून न्हाई सांगितलं. किडे घालू तिला? तुझ्या बापाच्या कुत्रीला?” ती थांबली. “ते धुवत न्हाईत, हे मला दिसत होतं. रोज दिसत होतं. मला वाटलं, शिकलेल्या लोकांचं खाणं हाय, त्याला चालत आसंल.”

शिलानं फोन उचलला आणि ओट्याला टेकून लिहायला घेतलं. ग्रुपवर आणि डॉक्टरांना, दोघांनाही तेच. आई तिथेच उभी राहिली, म्हणाली, वाच. शिलानं वाचलं: दुकानातला माल मुदत संपलेला आणि किडलेला होता, ती तक्रार कायम आहे. बोरिक पावडर मात्र दुकानदारानं टाकलेली नाही. ती आमच्या घरी पडली.

“घरी पडली म्हंजी?” निर्मलाबाई म्हणाली. “छतातनं पडली का? मी टाकली. माझं नाव लिही. आन् तू इचारलं न्हाईस, आन् कळल्यावर गप बसलीस, ते बी लिही.”

शिलानं लिहिलं. दोनदा खोडावं लागलं. आईचं नाव, मग आपलं. सगळं पहिल्यापासून परत वाचून दाखवलं. निर्मलाबाई मान खाली घालून, एकही शब्द निसटू नये असं ऐकत होती. कुठल्याशा कागदावर अंगठा देण्याआधी ती असंच ऐकत असे. गजाला टांगलेल्या बाटलीतून थेंब पडत होते. ग्रुपवर तेवढ्या वेळात आणखी नऊ संदेश आले.

“कुठं दाबायचं?” तिनं विचारलं.

शिलानं दाखवलं. आईनं अंगठा पदराला पुसला आणि दाबला, गरजेपेक्षा कितीतरी जोरात, आणि संदेश गेल्यावरही तो उचलला नाही.